ना पुण्यात, ना कुंभकोणमात

माझं पीपीएफ खातं आज कुठे आहे, हे दोन बँकांपैकी एकीलाही सांगता येत नाही. पुण्याच्या बँकेने 11 फेब्रुवारीला ते बंद करून डिमांड ड्राफ्ट काढला. कुंभकोणमच्या बँकेत ते अजून उघडलेलं नाही. आज 3 मे. जून 2014 पासून पोटाला चिमटा घेऊन साठवलेली रक्कम 81 दिवस अधांतरी लटकली आहे, आणि मी विचारायला गेलो की दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात.

आम्ही मूळचे इथलेच. एकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी घराणी कावेरीकाठी आली, त्यांतलं आमचं एक. नोकरीपायी अठ्ठावीस वर्षं पुण्यात काढली आणि निवृत्तीनंतर वडिलांच्या घरी परत आलो. पुण्यातल्या बँकेची इथे शाखा नाही. पीपीएफची मुदत 31 मार्च 2030 ला संपेल. तोवर मी असेन-नसेन. माझ्यामागे बायकोला एका पासबुकासाठी पुण्याला खेटे घालावे लागू नयेत, एवढ्यासाठी खातं इकडे आणायचं ठरवलं. 27 जानेवारीला पुण्याला जाऊन अर्ज दिला, पोचपावती घेतली आणि काम झालं असं समजून गाडीत बसलो.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण हा फेरा माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या वाट्याला येतो. जुनी बँक खात्याच्या उताऱ्याची साक्षांकित प्रत, खातं उघडतानाचा मूळ अर्ज, नॉमिनेशनचा फॉर्म आणि नमुना सही हे सगळं एका पाकिटात घालते. शिल्लक रकमेचा ड्राफ्ट किंवा चेक जोडते. पाकीट टपालाने जातं. नवी बँक केवायसी पुन्हा करते आणि खातं आपल्याकडे सुरू करते. नियमाप्रमाणे ते जुनंच खातं समजलं जातं, पंधरा वर्षांची मोजणी पहिल्यापासून चालू राहते. नियम चांगला आहे. पण पाकीट निघण्यापासून खातं उघडेपर्यंत किती दिवस लागावेत, हे मी दोन शहरांत चार काउंटरवर विचारलं. एकानेही आकडा सांगितला नाही.

16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास चालते. त्याच्या आधी चारच दिवस, 12 डिसेंबरला, सरकारने पीपीएफची योजना नव्याने लिहून जाहीर केली होती. पुढच्या वर्षी आरटीजीएसही चोवीस तास झाली. ऑक्टोबर 2025 पासून चेक काही तासांत वटतो. महामहम तळ्याजवळच्या बाईकडून मी रोज वीस रुपयांची फुलं घेतो, तिच्या फोनवर पैसे पडायला दोन सेकंद लागत नाहीत. मोबाइल नंबर एका कंपनीतून दुसरीत न्यायचा तर मुदत ठरलेली आहे, त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस आणि बाहेर पाच. मग सरकारची हमी असलेली, करमुक्त म्हणून मिरवलेली बचत कागदाच्या पाकिटात घालून का पाठवायची?

22 एप्रिलला मला ते पाकीट दिसलं. सातव्या खेपेला. आधीच्या सहा खेपांना एकच उत्तर मिळालं होतं, ‘नाळैक्कु वांग सार’, म्हणजे उद्या या. त्या दिवशी काउंटरवर नवी मुलगी होती. मी हटलो नाही म्हणून तिने मागचं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात लॉकरच्या अर्जांचा गठ्ठा होता आणि त्याखाली माझं पाकीट. खाकी, एका कोपऱ्याला दमट डाग, वर पुण्याचा शिक्का, आणि इथल्या शाखेचा आवक शिक्का 16 फेब्रुवारीचा. पाकीट फोडलेलं होतं. आत ड्राफ्टला टाचणीने पिवळी चिठ्ठी लावलेली, तिच्यावर तीनच शब्द: नाव जुळत नाही.

म्हणजे 65 दिवस त्या कपाटात माझे पैसे होते आणि त्यांच्याकडे कारणही तयार होतं. माझा फोन नंबर अर्जावर ठळक लिहिलेला होता. एक फोन कुणी केला नाही.

नाव का जुळत नाही? पुण्यात खातं काढताना माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही लिहून घेतलं. इथल्या आधारवर एक आद्याक्षर आणि माझं नाव, बस्स. तमिळनाडूत नाव लिहायची रीतच ही आहे आणि आम्ही तंजावर मराठी लोकांनी ती कधीच आपलीशी केली. सर टी. माधवराव 1828 साली इथे कुंभकोणमात जन्मले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, त्रावणकोरच्या डोक्यावरचं कर्ज त्यांनी फेडून दाखवलं. त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर. ज्या गावात दर दुसऱ्या माणसाचं नाव असं लिहिलं जातं, त्या गावातल्या बँकेला आद्याक्षर पाहून अडायला होतं, हे मला पटत नाही. पॅन कार्डावर माझं पूर्ण नाव आहे, फोटो आहे, जन्मतारीख आहे. दोन कागद शेजारी ठेवले असते तर पाच मिनिटांचं काम होतं.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिने पाणी दिलं, चिठ्ठी वाचून तिचाही चेहरा उतरला. प्रतिज्ञापत्र लागेल म्हणाली, ते मी 24 तारखेला नोटरीची सही-शिक्का घेऊन नेऊन दिलं. आता फाइल मंजुरीसाठी चेन्नईला गेली आहे.

या दिरंगाईची किंमत कोण मोजतंय ते पाहा. मार्चमध्ये मला 50,000 रुपये भरायचे होते. भरू कुठे? पुण्यातलं खातं बंद, इथलं उघडलेलं नाही. 31 मार्च टळला, तेवढ्या रकमेची करवजावट गेली. वर्ष गेलं ते परत उघडत नाही. पीपीएफमध्ये पाच तारखेनंतर भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही, म्हणून आमच्यासारखी माणसं वर्षाचे दीड लाख 5 एप्रिलच्या आत भरून मोकळी होतात. ते दीड लाख माझ्या साध्या बचत खात्यात पडून आहेत. 7.1 टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं 887 रुपये 50 पैसे. एप्रिलचं गेलं. परवा 5 मे, तेही चुकेल. कुणाला ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्या घरी महिन्याचं दुधाचं बिल साधारण एवढंच येतं.

आणखी एक धास्ती आहे. एप्रिल 2012 पासून चेक आणि ड्राफ्ट तीनच महिने चालतात. माझा ड्राफ्ट 11 फेब्रुवारीचा. आठवडाभरात तो वटला नाही तर नुसता कागद उरेल, पुन्हा पुण्याला पाठवा, नवा काढून घ्या, पुन्हा पाकीट, पुन्हा कपाट.

सरकारला आणि रिझर्व्ह बँकेला माझं सरळ मागणं आहे. रक्कम आणि कागद दोन्ही संगणकावरून पाठवा. मुदत ठरवा, दहा कामाचे दिवस पुरेसे आहेत. मुदत उलटली तर रोजचा दंड लावा आणि तो खातेदाराच्या खात्यात जमा करा. कागदात त्रुटी असेल तर तीन दिवसांत खातेदाराला लेखी कळवणं बंधनकारक करा. आणि वाटेत असलेल्या खात्यात पैसे भरायची सोय ठेवा, म्हणजे 31 मार्च आणि 5 एप्रिल कुणाचे बुडणार नाहीत. खाजगी कंपन्यांना मोबाइल नंबर हलवायला मुदत घालून देता येते, तर स्वतःच्या योजनेसाठी ती घालायला कुणाची परवानगी लागते?

तोवर आपल्या हातात जे आहे ते करा. पुण्यासारख्या ठिकाणाहून खातं हलवायचं असेल तर मार्चच्या तोंडावर हलवू नका. त्या वर्षाची रक्कम भरून मगच अर्ज द्या. पासबुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. ड्राफ्टचा नंबर, तारीख आणि स्पीड पोस्टचा नंबर मागून घ्या. पॅन, आधार आणि पासबुक यांवरची नावं आधी जुळवा. आणि तोंडी तक्रार करत बसू नका, लेखी द्या, कारण बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि तिथे एक पैसाही लागत नाही.

मी लेखी तक्रार 6 एप्रिलला दिली होती. तीस दिवस येत्या बुधवारी पूर्ण होतात. लोकपालाकडे पाठवायचा मजकूर लिहून तयार आहे, सोबत आवक शिक्क्याचा आणि त्या पिवळ्या चिठ्ठीचा फोटो जोडला आहे.