बारा महिने संक्रांत

मराठी घरात काळ्या कपड्यांना वर्षातून एकच दिवस माफी असते, तो संक्रांतीचा. मी कॉलेजात हेवी मेटल ऐकणारा मेटलवाला झालो आणि डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांवर बारा महिने संक्रांत आली. दोरीवर वाळणारे काळे टीशर्ट पाहून शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलंसुद्धा, "सगळं ठीक ना गं घरात?" त्यावरची अक्षरं त्यांना वाचता येईनात, यात त्यांचा दोष नव्हता. ब्लॅक मेटल बँडचं नाव सहज वाचता आलं तर बँडची अब्रू जाते. ते वडाच्या पारंब्यांत अडकल्यासारखंच दिसायला हवं.

टीशर्ट फॅशन स्ट्रीटचे, घासाघीस करून घेतलेले. चामडं आणि लोखंडी खिळे हा मूळ पोशाख ज्यूडास प्रीस्टच्या रॉब हॅलफर्डने रूढ केला, पण तो इंग्लंडच्या हवेत. तसं नटून कुणी ऑगस्टात डोंबिवली फास्टने धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाला पोचून दाखवायचं होतं.

रंगभवनात सगळेच काळ्यात. म्हणजे सगळी आपलीच माणसं? छे! आधी तोंडी परीक्षा. "काय ऐकतोस?" मेटालिका म्हणालात, की पुढचा प्रश्न, "1991 च्या आधीची की नंतरची?" नंतरची म्हणणाऱ्याशेजारी कुणी उभं राहत नसे. मेटलच्या पोटजातींतही थ्रॅशवाले ग्लॅमवाल्यांना माणसांत धरत नसत, डेथवाले थ्रॅशला बालवाडी समजत आणि ब्लॅकवाले कुणाशी बोलतच नसत.

मला याचं नवल वाटलं नाही, कारण मला मामा होते. मामा किराणा घराण्याचे. म्हणजे गात नसत, फक्त ऐकत. पण अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव निघालं की सुपारी फोडायची थांबवत. जयपूरवाले त्यांच्या मते अनवट रागांची कोडी घालून श्रोत्यांना छळतात. मारवा आणि पूरिया यांचे सूर तेच, चाल वेगळी. त्यांत गल्लत करणाऱ्याला मामांनी मुलगी दिली नसती. डिसेंबरात सवाई गंधर्वला निघताना झब्बा, शाल, खांद्याला शबनम असा सरंजाम चढवून ते माझ्या टीशर्टकडे बघत आणि विचारत, "तुम्हा लोकांना गणवेश लागतो का रे?"

आजी मात्र अनपेक्षितपणे फितूर झाली. तर्जनी आणि करंगळी वर करून शिंगं दाखवायची खूण मेटलमध्ये लोकप्रिय केली गायक रॉनी जेम्स डिओने, आणि त्याने ती घेतली आपल्या इटालियन आजीकडून. ती दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटं करायची. हे ऐकल्यावर आजी म्हणाली, "मग आधी सांगायचं नाही का मेल्या, मला वाटलं सैतानाचं काहीतरी!" पुढे मी कार्यक्रमाला निघालो की ती दारात येऊन शिंगं दाखवी. संधिवातामुळे करंगळी पुरती उघडत नसे. शिवाय खबरदारी म्हणून मीठ-मोहऱ्याही ओवाळून टाकी.

तिच्या भिडेखातर मामा एका रविवारी ब्लॅक सॅबथ ऐकायला बसले. 1970 चा पहिलाच अल्बम. पत्र्याच्या कारखान्यात बँडच्या गिटारवाल्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, तो त्यांना टोप्या घालून गिटार वाजवतो, हे सांगितल्यावर मामांनी कानाची पाळी धरली. पाऊस वाजला, घंटा वाजली. "देऊळ?" मामा म्हणाले. मग ते तीन संथ, अजस्र सूर आले. मामांनी डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत. झोपले असावेत, असा आईचा अंदाज होता.

"षड्जावरून थेट तीव्र मध्यम," मामा डोळे न उघडताच म्हणाले. "पंचमाला हात लावला नाही. विलंबितात धीरही आहे माणसाला."

मी हुरळून व्हॉल्यूम वाढवायला गेलो, तशी त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"अरे, पण मारव्याच्या अंगाचं दिसतंय हे. सूर्यास्ताचं! सकाळी दहाला लावतोस? कुठल्या घराण्याचा तू?"