भोवरा पाहणारा

पुणे-सातारा रस्त्यावर नीरेच्या पुलाअलीकडे सारोळे, पलीकडे शिरवळ. दोन्हीकडचे आजारी संगणक एकाच गाळ्यात येऊन पडतात, कारण तिथं पारखी बसतो. असा पारखी हायवेच्या कुठल्याही फाट्यावर भेटतो. दुरुस्ती काय, कुणीही करील. याला आधी ओळख पटवायची असते. याचा आजा बाजारात बैलाचे दात मोजायचा, भोवरे बघायचा. नातवानं तोच धंदा संगणकावर चालवलाय.

"हा माझाच हाय, झाकणावर पोराचं नाव बघा," गिऱ्हाईक म्हणतं.

"ती रंगवलेली शिंगं झाली. भोवरा दाखवा."

मग काळ्या खिडकीत काहीतरी टाईप करून तो खुणा काढत बसतो. प्रत्येक खूण कौतुकानं दाखवायची आणि लगेच तिच्यावर संशय घ्यायचा, हा त्याचा स्वभाव. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता १२ अक्षरी. "पहिली ६ कंपनीची, पुढची ६ ह्या कार्डाची. जगात दुसरा नाय!" मग आवाज खाली आणून, "पण सॉफ्टवेअरनं बदलतो हो." ड्राइव्हचा नंबर? फॉरमॅट मारला की नवा. डिस्कवर कारखान्यानं घातलेला मात्र फॉरमॅटला दाद देत नाही.

मदरबोर्डाशी आला की तो हळवा होतो. बिनकंपनीच्या जोडणीत क्रमांकाच्या जागी पुष्कळदा 'टू बी फिल्ड बाय ओईएम' एवढंच निघतं. "बोर्डवाल्यानं बारसं जोडणाऱ्यावर ढकललं, जोडणाऱ्यानं केलंच नाय. ह्या फळीवर एकाच नावाचे तिघं बसलेत!"

"मग प्रोसेसरलाच नंबर द्यायचा," कॉलेजचं एखादं पोर अक्कल पाजळतं.

"दिलता की. १९९९ ला, पेंटियम थ्रीला. आमच्यावर पाळत ठेवता काय म्हणून लोक बोंबलले. पेंटियम फोरला काढून टाकला."

२००१ च्या विंडोज एक्सपीनं आपल्या आजाचीच रीत चोरली, असं तो छातीठोकपणे सांगतो. एका खुणेवर जायचं नाही. दहा ठिकाणं बघायची. दोन-तीन बदलली तर माफ, फार बदलली तर पुन्हा नोंदणी. नेटवर्क कार्ड तेच असेल तर जरा जास्त सूट.

परवा एक शेतकरी तणतणत आला. वर्षभरात डिस्क, मेमरी, कार्ड आणि शेवटी मदरबोर्डही बदललेला. आता विंडोज ओळख द्यायला तयार नाही.

"बोर्ड बदलला तिथं जनावरच बदललं, दाजी."

"म्हंजे हा माझा न्हवंच?"

"खुणांनी बघितलं तर न्हवं."

"मग मागची बाकी त्या जुन्याच्या नावावर टाक. माझा काय संबंध?"

पारखीनं शांतपणे वही उघडली. "बाकी मी मशीनच्या नावावर कधी लिवतच नाय, दाजी. मशीनची खात्री कोण देणार?"