कागद सरकेना

ओस्लोला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याने मला दिवाणखान्यात त्याच्या स्कींवर उभं केलं आणि माझ्या पायांशी उकिडवा बसला. हातात मीच पुण्याहून नेलेल्या दिनदर्शिकेचं गेल्या महिन्याचं पान.

क्लासिक स्कीच्या मध्याला धनुष्यासारखी कमान असते. दोन्ही पायांवर सारखा भार दिला, की खालून कागद टाचेपासून पावलापुढे दोनेक वीत सहज फिरायला हवा. सगळा भार एका पायावर टाकला, की कमान दबून तो अडकायला हवा. कागद फिरतो तेवढ्याच पट्ट्यात पकडीचं मेण लावायचं. पाय रेटला की मेण बर्फाला धरतं, घसरताना अधांतरी राहतं. इतकी साधी गोष्ट.

कागद हलेना. स्की भाच्याच्या, म्हणजे ६२ किलोंच्या बेताने घेतलेल्या, मी ८४. संकष्टी, म्हणजे नेमका उपवासाचाच दिवस, माझ्या पावलाखाली चेंगरून पडला होता.

"मामा, दोन्ही पायांवर सारखं वजन द्या."

"दिलंय."

"मग... थोडं कमी द्या."

मी खिडकीच्या कठड्यावर हळूच कोपर टेकलं. कागद सुळ्ळकन निघाला! भाच्याने खूश होऊन पेन्सिलीने खुणा केल्या. बाहेर उणे ५, म्हणून निळं मेण. पातळ थर द्यायचा, बुचाने घासायचा, मग पुढचा थर. पुरणपोळीवर तूप सोडणाऱ्या हाताला हे पातळ प्रकरण काही जमेना.

स्की उभ्या धरून १ नंबरच्या मेट्रोने होल्मेनकोलेनवरून वर फ्रोग्नरसेतेरनला गेलो. पुढे नॉर्डमार्काचं जंगल. तिथे खिडकी नव्हती. कमान सपाट झाली आणि खुणांमधलं सगळं मेण बर्फाला असं चिकटलं, की फणसाच्या चिकाची आठवण यावी. चढावर मी भक्कम होतो, हे मान्य करावं लागेल. पण हलक्या उताराशी लोक सूंऽ करत निघाले आणि मी उतारावर उभा! एक चारेक वर्षांचं पोर मला वळसा घालून गेलं.

सत्तरीच्या एक आजी थांबल्या. भाचा नॉर्वेजियनमध्ये काहीतरी म्हणाला. त्यांनी माझ्या स्कीकडे पाहिलं, मग पोटाकडे, आणि कमरेच्या पिशवीतून खरवडणी काढली. पुढचं वीतभर मेण भराभर खरवडलं जाऊ लागलं.

"मामा, खरं सांगा, घरी खिडकी धरली होती ना?"

"टेकलो होतो. जरासा."