रेमिरोचे पद भरणे आहे

मॅकियाव्हेलीचं 'द प्रिन्स' हल्ली दुकानात 'यशस्वी कसे व्हाल'च्या शेजारी मांडलेलं असतं. त्यामुळे ते वाचणारा प्रत्येक जण, मग तो आमदार असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो की नुकताच टीम लीडर झालेला इंजिनिअर, पहिल्या पानापासून स्वतःला चेझारे बोर्जियाच समजू लागतो. 'यातला रेमिरो म्हणजे मी' असं म्हणणारा वाचक मला अजून भेटायचाय.

पोप सहावा अलेक्झांडर याच्या या चिरंजिवांनी रोमान्या प्रांत जिंकला, तेव्हा तिथे लुटालूट आणि मारामाऱ्यांचा सुकाळ होता. साहेबांनी रेमिरो दे ओर्कोला सर्वाधिकार देऊन पाठवलं. माणूस क्रूर, पण कामाला वाघ. थोड्याच काळात त्याने प्रांत सुतासारखा सरळ केला आणि लोकांच्या शिव्याशापांचा धनी झाला. हे शिव्याशाप आता वरपर्यंत पोचणार, हे साहेबांनी वेळीच ओळखलं. २६ डिसेंबर १५०२ च्या सकाळी चेझेनाच्या चौकात रेमिरो पडलेला होता, दोन तुकड्यांत. शेजारी लाकडाचा ठोकळा आणि रक्ताळलेला सुरा. फ्लॉरेन्सचा वकील म्हणून मॅकियाव्हेली त्या वेळी बोर्जियाच्या मुक्कामीच होता. लोकांचं समाधानही झालं आणि ते सुन्नही झाले, असं त्याने पुढे पुस्तकात नोंदवून ठेवलं.

आपण सुधारलो आहोत. आता सुरा लागत नाही. सखोल चौकशीचे आदेश निघतात, दोषींची गय केली जाणार नाही असं कॅमेऱ्यासमोर सांगितलं जातं, कुणीतरी सक्तीच्या रजेवर जातो आणि संध्याकाळच्या बातम्यांत तोंडावर फाईल धरून गाडीत बसताना दिसतो. त्याला सांगितलं कुणी होतं, हे कागदावर कुठेच नसतं. तोंडी आदेशांची सोय त्यासाठीच तर आहे! लोकांचं समाधान मात्र तेव्हासारखंच होतं. सुन्न व्हायला कुणाला वेळ नसतो, मॅच सुरू झालेली असते.

चेझेनानंतर पाचच दिवसांनी सेनिगालियात मनोमिलन झालं. बोर्जियाविरुद्ध उठलेले सरदार समेटासाठी आले, साहेबांनी हसतमुखाने स्वागत केलं, आणि त्याच रात्री व्हितेलोझ्झो आणि ओलिव्हेरोत्तो या दोघांचे गळे आवळले गेले. मनोमिलनाच्या फोटोत नेते हात उंचावून उभे दिसले की मी आधी त्यांतला ओलिव्हेरोत्तो शोधतो.

राहिले खुद्द बोर्जिया. १५०३ मध्ये पोप वडील वारले आणि ऐन त्याच वेळी चिरंजीवही अंथरुणाला खिळले. मग घराण्याचा जुना वैरी ज्युलियानो देल्ला रोव्हेरे याने शब्द दिला आणि ज्याने जन्मभर शब्द देऊन माणसं बुडवली, त्याने या शब्दावर विश्वास ठेवला! रोव्हेरे पोप झाला आणि बोर्जियांचं राज्य गेलं. मॅकियाव्हेलीचा आदर्श राजा हा असा, चार-पाच वर्षांत गाशा गुंडाळलेला. पुस्तक वाचून मिशीला पीळ देणारे हे पान नेमकं गाळतात.

लेखकाची कथा तर याहून केविलवाणी. १५१२ मध्ये फ्लॉरेन्सचे जुने सत्ताधारी मेदिची परतले आणि याची नोकरी गेली. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून पकडून, हात पाठीमागे बांधून, दोराने वर ओढून खाली सोडण्यात आलं. सुटल्यावर हा गृहस्थ गावी गेला. दिवसा खानावळीत खाटीक आणि गिरणीवाल्याबरोबर पत्ते कुटायचा, भांडायचा आणि रात्री दरबारी पोशाख चढवून लिहायला बसायचा. लिहिलेलं पुस्तक अर्पण केलं ते त्याच मेदिची घराण्याला. थोडक्यात, जगातला सर्वांत गाजलेला नोकरीचा अर्ज. हवी ती नोकरी मिळालीच नाही. १५२७ मध्ये मेदिचींना हाकललं, तेव्हा नव्या प्रजासत्ताकाने 'हा तर मेदिचींचा माणूस' म्हणून दारात उभं केलं नाही. थोड्याच दिवसांत तो वारला.

ज्यांना ही विद्या खरोखर येते, ते या पुस्तकाचा जाहीर निषेध करतात. प्रशियाचा युवराज फ्रेडरिक याने मॅकियाव्हेलीला झोडपणारं आख्खं पुस्तक लिहिलं, तेही व्हॉल्तेरच्या मदतीने. १७४० मध्ये तो गादीवर आला आणि छपाई थांबवता येते का, याची खटपट सुरू झाली. हेगच्या मुद्रकाने दाद दिली नाही. पुस्तक बाजारात आलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात फ्रेडरिकची फौज सायलेशियात घुसली.