मागच्या बाकाचा हक्क

नाव कोरलेली बाकडी वसईत पुरेशी झाली. स्वागतकमानीही झाल्या. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. त्यातून पेव्हर ब्लॉक बसतात, समाजमंदिरावर पत्रे चढतात आणि प्रत्येक कामाचा फलक लागतो. ही नगरसेवकाची कामे आहेत. आमदाराला आपण मुंबईला आणि हिवाळ्यात नागपूरला पाठवतो ते सरकारला जाब विचारायला. त्याने तिथे काय विचारले, उत्तर काय मिळाले, हे सांगणारा एकही फलक वसई, नालासोपारा किंवा बोईसरमध्ये मला दिसलेला नाही.

मुंबईतल्या आमदारांचे प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन काढते. हजेरी किती, प्रश्न किती, कोणत्या विषयावर, सगळे त्यात असते. दहिसरचा चेकनाका ओलांडला की ही मोजदाद संपते. इकडे आमदार मोजला जातो तो दहीहंडीच्या बक्षिसावर आणि लग्नातल्या हजेरीवर. हा दोष आमदाराइतकाच आपलाही आहे.

विधानसभेत २८८ सदस्य. मंत्री, गटनेते, प्रतोद आणि टीव्हीवर रोज दिसणारे दहा-पंधरा चेहरे वगळले तर उरलेले सगळे मागच्या बाकांवरचे. पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला आणि व्हीप निघाला की मत कुठे द्यायचे हा निर्णय त्यांच्या हातून गेला. पण कोणता प्रश्न विचारायचा हा निर्णय आजही त्यांचाच आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, अशासकीय विधेयक अशी पाच-सहा आयुधे पहिल्यांदाच निवडून आलेल्या आमदारालाही मिळतात. त्यासाठी मंत्रिपद लागत नाही, मोठा पक्षही लागत नाही.

यातला तारांकित प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते, उपप्रश्न झेलावे लागतात. आणि वेळ संपली, प्रश्न पुकारला गेला नाही, तरी लेखी उत्तर छापील यादीत येते. ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. भाषा कोरडी आहे, पण ती सरकारची कबुली असते. एखाद्या इमारतीला परवानगी नव्हती हे ‘खरे आहे’ असे मंत्र्याने लिहून दिले की तो कागद पत्रकाराच्या, वकिलाच्या, चाळीतल्या रहिवाशाच्या कामी येतो. माईकवर पाच मिनिटे ओरडून केलेल्या भाषणाची चित्रफीत संध्याकाळपर्यंत सगळ्या मोबाईलवर फिरते आणि तिसऱ्या दिवशी विरते. मात्र तारांकित प्रश्न स्वतः अभ्यासून लिहिलेला असावा लागतो. एकाच प्रश्नाखाली आमदारांच्या नावांची लांबलचक रांग असते, त्या रांगेत शेवटी नाव घुसवले म्हणजे प्रश्न विचारला असे मी मानणार नाही.

वसई-विरारला हे आयुध इतरांपेक्षा जास्त लागते, कारण इथे विचारायला दुसरे कोणी नव्हतेच. जून २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत साडेपाच वर्षे तोच कारभार राहिला. महासभा नाही, स्थायी समिती नाही, प्रभाग समिती नाही. २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या शहराला या काळात प्रशासनाला प्रश्न विचारणारे निवडून आलेले तोंड एकच होते, आमदाराचे.

याच काळात काय घडले ते आठवा. नालासोपारा पूर्वेला अग्रवालनगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. हजारो माणसे रस्त्यावर आली. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून खोली घेतली त्यांची ती गेली, ज्यांनी विकली ते कधीच पुढे निघून गेले. त्याच वर्षी २६ ऑगस्टच्या मध्यरात्री विरार पूर्वेला विजयनगरात रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. सतरा माणसे मेली. इमारत अनधिकृत होती.

चार मजल्यांची इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. पाया खणला जातो, स्लॅब पडतो, विजेचा मीटर येतो, घरपट्टीची पावती फाटते. या प्रत्येक टप्प्यावर कुठल्या ना कुठल्या सरकारी कार्यालयाची सही असते. त्या सह्या कोणाच्या, हे विधानसभेच्या पटलावर आणण्याचे सामर्थ्य एका साध्या प्रश्नात आहे. दुर्घटनेनंतर ढिगाऱ्यासमोर उभे राहून दिलेल्या प्रतिक्रियेत ते नाही.

सध्या तिन्ही आमदार सत्ताधारी बाकांवर आहेत. वसईत स्नेहा दुबे-पंडित, नालासोपाऱ्यात राजन नाईक, बोईसरमध्ये विलास तरे. सत्तेतल्या आमदाराने सरकारला अडचणीत आणू नये, मंत्र्याच्या दालनात जाऊन काम करून घ्यावे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. दालनातले आश्वासन कोणत्याही कागदावर राहत नाही. सभागृहात दिलेले आश्वासन मात्र आश्वासन समितीकडे जाते आणि विभागाला त्याचा हिशेब द्यावा लागतो. शिवाय विरोधकाचा प्रश्न मंत्री राजकारण म्हणून झटकून टाकतो, स्वतःच्याच बाकावरून आलेला प्रश्न झटकायला त्याला तोंड राहत नाही. वसईची जागा २०२४ मध्ये तीन हजारांच्या आसपास मतांनी पालटली. इतक्या थोडक्या मतांनी निवडून देणाऱ्या मतदाराने गप्प बसायला पाठवलेले नाही, ताई.

विरोधी बाकांवरून काय होऊ शकते ते मृणाल गोरे यांनी दाखवले आहे. ऐंशीच्या दशकात त्यांनी गर्भलिंगचाचणीविरुद्ध अशासकीय विधेयक आणले. असे विधेयक सरकार बहुधा मंजूर होऊ देत नाही. पण विषय सभागृहात आला, बाहेर महिला संघटनांनी तो लावून धरला आणि १९८८ मध्ये सरकारला स्वतःचा कायदा करावा लागला. देशात तो पहिला. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि त्यातला बहुतेक काळ विरोधात बसले. दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा विषय त्यांनी दशकानुदशके सोडला नाही.

आणि लांब कशाला, वसईचेच उदाहरण आहे. २००९ मध्ये विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. पक्षाचे तिकीट नाही, मागे होती ती वेठबिगारांना सोडवणारी श्रमजीवी संघटना आणि महापालिकेत जायला नकार देणारी गावे. रस्त्यावरचे आंदोलन आणि सभागृहातले बोलणे जोडीने चालले आणि २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा सरकारी निर्णय निघाला. गावे वगळावीत की नाही यावर वसईत दोन ठाम मते आहेत, पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे लटकले. तो वाद बाजूला ठेवू. एकट्या अपक्ष आमदाराने सरकारला कागद काढायला लावला, एवढे तरी त्यातून शिकायला हरकत नसावी.

समित्यांचे काम तर कोणाच्या गावीच नाही. लोकलेखा, अंदाज, पंचायत राज, अनुसूचित जमाती कल्याण, आश्वासन. इथे कॅमेरा नसतो, व्हीप नसतो. सचिव समोर बसतो आणि त्याची साक्ष होते. अभ्यास करून आलेला आमदार इथे एका दुपारी जे काढून घेईल ते सभागृहातल्या गदारोळात पूर्ण अधिवेशनात निघणार नाही. पालघरसारख्या आदिवासी जिल्ह्यासाठी अनुसूचित जमाती कल्याण समितीची एक नीट घेतलेली साक्ष म्हणजे आश्रमशाळांचा, कुपोषणाचा, वनपट्ट्यांचा हिशेब. म्हणूनच मे २०२५ मध्ये अंदाज समितीच्या दौऱ्याच्या वेळी धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत पावणेदोन कोटींहून जास्त रोकड सापडली तेव्हा संताप आला. ज्या समितीसमोर अधिकाऱ्याने घाबरून उभे राहायचे, तिच्या दौऱ्यालाच असा डाग लागला तर जाब विचारायचा कोणी?

मागच्या बाकाची किंमत पक्षांना कळत नाही असेही नाही. जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांत बहुजन विकास आघाडीची तीन मते निर्णायक झाली, तेव्हा सगळ्या पक्षांच्या नेत्यांनी विरारला येऊन आघाडीचे प्रमुख आप्पा यांच्या घरी पायधूळ झाडली. त्या दहा-बारा दिवसांत विरार महाराष्ट्राच्या राजकारणाच्या मध्यभागी होते. मत मागायला जे इथवर येतात त्यांना इथल्या प्रश्नाचे उत्तर द्यायलाही भाग पाडता येते. त्या तीन मतांच्या बदल्यात वसईच्या पाण्याचे, पुराचे, अनधिकृत बांधकामांचे किती लेखी शब्द सरकारकडून घेतले गेले, हे मतदारांसमोर कधीच मांडले गेले नाही. पुराचेच घ्या. जुलै २०१८ च्या पुरात वसईची वीज गेली, लोकल थांबली, मिठागरातली माणसे पाण्यात अडकली. नंतर आयआयटी आणि नीरीच्या तज्ज्ञांनी धारण तलाव सुचवले. आजही पहिल्या मोठ्या पावसात नालासोपाऱ्यात तेच गुडघाभर पाणी असते.

आता पालिकेत बहुजन विकास आघाडी परत आली आहे आणि विधानसभेत तिचा एकही आमदार नाही. पालिका सरकारकडे बोट दाखवणार आणि आमदार पालिकेकडे, हे ठरलेले आहे. म्हणून तिन्ही आमदारांसाठी पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न इथेच लिहून देतो. नमुना विधिमंडळाचाच आहे, फक्त सही करून वेळेत सचिवालयात द्यायचा.

सन्माननीय नगरविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : विरार पूर्व येथील रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळून सतरा व्यक्तींचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय, असल्यास, सदर इमारतीचे बांधकाम सुरू झाल्यापासून ती कोसळेपर्यंत संबंधित प्रभाग कार्यालयात कोणते अधिकारी कार्यरत होते व त्यांच्यापैकी किती जणांवर कोणती कारवाई झाली, वसई-विरार महापालिका हद्दीत आज रोजी किती इमारती अनधिकृत व धोकादायक म्हणून नोंदल्या आहेत, त्यांत किती कुटुंबे राहतात व त्यांच्या पर्यायी निवाऱ्याची कोणती व्यवस्था केली आहे, अनधिकृत बांधकामांच्या दाखल गुन्ह्यांपैकी किती प्रकरणांत दोषारोपपत्र न्यायालयात सादर झाले आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?