मुखावर आवळा चढविण्याची शास्त्रोक्त रीत

ज्या गृहस्थाने आपल्या मुखाची कांती आवळ्याच्या स्वाधीन करण्याचा निश्चय केला असेल, त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की आवळा हा कोणी उमेदवार कारकून नसून आयुर्वेदाच्या दरबारातला जुना मानकरी आहे आणि त्याच्याकडे जावयाचे ते रीतसर अर्ज घेऊनच. चरकाने चिकित्सास्थानाचा आरंभ केला तो रोगाने नव्हे, रसायनाने. त्यातही पहिल्याच पादाला नाव दिले ते हिरडा आणि आवळा या जोडीचे. च्यवनप्राशाच्या कृतीत त्याने आवळे मोजून पाचशे घातले आहेत, आणि वय स्थिर राखणाऱ्या द्रव्यांत आवळा श्रेष्ठ असा निवाडाही तो देऊन बसला आहे. सहा रसांपैकी पाच या एका फळात नांदतात, लवण तेवढे नाही. हा सहावा रस कोठे गहाळ झाला याची चौकशी शास्त्रकारांपैकी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

ज्यांना काम पक्के हवे असेल त्यांच्यासाठी चरकाने केवळ आवळ्याचाच एक प्रयोग सांगितला आहे, तो आधी पाहावा. साधकाने एक वर्ष गाईंच्या सहवासात केवळ दुधावर राहावे, इंद्रिये जिंकून मनाने गायत्रीचे चिंतन करावे. वर्ष सरल्यावर पौष, माघ अथवा फाल्गुन यांपैकी एका मासी तीन दिवस उपोषण करून आवळीच्या वनात शिरावे, मोठ्या फळांच्या झाडावर चढावे, फांदीवरचे फळ हाती धरून त्यात अमृत उतरेपर्यंत प्रणवाचा जप करावा आणि मग ती फळे खावीत. जितकी फळे पोटात जातील तितकी सहस्र वर्षे तारुण्यासह आयुष्य लाभते. एवढा मोबदला देणारी दुसरी योजना माझ्या ऐकिवात नाही. परंतु माझ्या खाती जमा असलेली रजा अवघी तेवीस दिवसांची, आणि झाडावर चढण्याची माझी विद्या मौंजीबंधनापूर्वीच लोप पावलेली, सबब हा मार्ग मला नाइलाजाने बरखास्त करावा लागला.

राहिला लेप. त्यासाठी ताजे फळ नको, वाळवलेली आवळकाठी हवी, आणि ती काष्ठौषधींच्या दुकानातच घ्यावी. तेथे ‘आवळकाठी द्या’ एवढे सांगून भागत नाही. माझ्या परिचयाच्या दुकानदाराने तागडी हाती घेत विचारले, “डोक्याला की पोटाला?” मी खाली पाहून म्हटले, “तोंडाला.” त्यावर तो म्हणाला, “तोंडाला म्हणजे पोटालाच की, रावसाहेब!” आणि पावशेराची पुडी बांधून मोकळा झाला. प्रकरण अधिक उलगडून सांगण्यात स्वारस्य नव्हते, कारण मागे शिकेकाईसाठी उभ्या असलेल्या दोन बायका आमचा संवाद एकाग्रतेने ऐकत होत्या.

घरी आल्यावर काठी खलबत्त्यात कुटावी आणि चूर्ण वस्त्रगाळ करावे. येथे आळस करू नये; चाळणीवर भागवलेल्या चूर्णातले खडे गालावर जी नक्षी कोरतात तिला कांती म्हणत नाहीत. यानंतर भांड्याचा प्रश्न येतो, आणि या कलमावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण सर्व अनर्थाचे मूळ तेथे आहे. आमच्या घरी केसांसाठी आवळा रात्रभर भिजत घालतात तो लोखंडी कढईत. मला वाटले, जे डोक्यास हितकर ते चार बोटे खाली अहितकर कसे होईल? परंतु आवळ्यातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संग झाला म्हणजे त्यातून निपजतो तो काळा रंग. हिरडा आणि हिराकस यांची शाई जी टिकते ती याच संबंधावर. विळीवर आवळा चिरल्यानंतर पाते आणि बोटे काळवंडतात ती का, हे चाळीस वर्षे विळीसमोर बसून जेवलेल्या मनुष्याला उमगू नये याचे नवल वाटेल; पण जेवणारा आणि चिरणारा यांची दफ्तरे आमच्याकडे निराळी आहेत. इच्छुकाने काचेचे, चिनी मातीचे वा दगडी भांडे घ्यावे. मी कढई घेतली.

आता प्रत्यक्ष विधी. वाग्भटाने अष्टांगहृदयात मुखलेपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: दोष हरणारा, विष हरणारा आणि वर्ण उजळणारा, त्यांची जाडी अनुक्रमे पाव, तृतीयांश आणि अर्धे अंगुळ. आपणांस अर्थातच तिसरा हवा. अर्धे अंगुळ म्हणजे किती हे आपल्या बोटावर मोजून पाहावे, म्हणजे आपण लेप लावीत नसून गिलावा करीत आहोत याची जाणीव वेळीच होईल. याच ग्रंथावर हेमाद्री पंडिताने, म्हणजे 13व्या शतकात देवगिरीच्या यादवांचे सारे दफ्तर सांभाळणाऱ्या आपल्या हेमाडपंताने, टीका लिहिली. राज्याच्या हिशेबातून सवड काढून अंगुळांच्या हिशेबात रमणाऱ्या या करणाधिपाविषयी माझ्यासारख्या कारकुनाला आपुलकी वाटल्यास नवल नाही. लेप लोमांच्या उलट दिशेने लावावा, ही सुश्रुताची आज्ञा. ज्याला पडसे आहे, अजीर्ण आहे वा ज्याला रात्री जागरण घडले आहे, त्याला वाग्भट मुळीच परवानगी देत नाही. मार्गशीर्षातल्या लग्नसराईत या तिन्ही कलमांतून सुटणारा मनुष्य शोधून आणावा लागेल.

लेप अंगावर असताना सहा गोष्टी वर्ज्य आहेत: दिवसा झोप, भाषण, अग्नी, ऊन, शोक आणि क्रोध. सातवी ताकीद अशी की लेप सुकू देऊ नये, सुकला तर तोच कांती बिघडवतो. ओला असतानाच काढून वर तेल लावावे. ही सात कलमे एकमेकांशी कशी भांडतात ते आता ऐकावे. रविवारी सकाळी मी गिलावा चढवून माजघरात बसलो. ऊन नको म्हणून ओटी वर्ज्य, अग्नी नको म्हणून स्वयंपाकघर वर्ज्य, झोप नको म्हणून पाठ टेकता येत नाही. पाव घटकेत कडा ताणू लागल्या. पाणी मागावे तर भाषण निषिद्ध. मी हाताने तांब्याची खूण केली. सौभाग्यवतींना वाटले चहा हवा. मी मान हलवली. त्यांना वाटले साखर कमी झाली आहे. तेवढ्यात पुतण्या आत आला, क्षणभर थबकला आणि ओरडला, “काकू, काकांचं तोंड सारवलंय का?” येथे क्रोध हे सहावे कलम मोडले, पाठोपाठ दुसरे मोडले, आणि ओठांपासून कानापर्यंत लेपाला तडा गेला.

धुतल्यावर आरशात जो दिसला तो वर्ण उजळ खचित नव्हता. कपाळ राखी, गाल त्याहून गडद, आणि दाढीच्या खुंटांत ती शाई अशी भिनलेली की उद्या कचेरीत एखाद्या मसुद्यावर गाल टेकला असता तर दस्तऐवज नोंद झाला असता. सायंकाळी मी ग्रंथ पुन्हा काढला. वाग्भटाने सहा ऋतूंचे सहा मुखलेप दिले आहेत: बोराच्या बियांतला मगज आहे, मोहरी आहे, काळे तीळ, कोंडा काढलेले जव, वाळा, चंदन, दूर्वादेखील आहेत. आवळा एकातही नाही. ज्याच्या नावाने मी सारी कार्यवाही केली त्याचे नाव मूळ यादीत नव्हतेच.

“अहो, दिवा लागला, आता तरी उठा,” असे म्हणत सौभाग्यवतींनी बशी पुढे सरकवली. ताज्या आवळ्याच्या फोडी होत्या, विळीच्या पात्याने कडेला किंचित काळवंडलेल्या, आणि त्यांवर मीठ भुरभुरलेले. सहावा रस एवढा वेळ आमच्या फडताळातल्या बरणीत होता तर! मी काळ्या बोटांनी बशी संपवली, वर तांब्याभर पाणी प्यालो, आणि ते गोड लागले.