कितवा आठवडा?

चिकनगुनियातून उठून मी पहिल्यांदा खाली उतरलो तेव्हा पार्किंगपासून लिफ्टपर्यंत यायला मला सात मिनिटं लागली. लिफ्टजवळच्या बाकावर बसलेले काका माझी चाल न्याहाळत होते. जवळ आल्यावर, पोटुशीला महिना विचारावा तशा मायेनं त्यांनी विचारलं, "कितवा आठवडा?"

"सहावा."

"मग अजून कोवळा आहेस."

असे एक काका पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असावेत. सोसायटीतली पोरं त्यांना विकनेसकाका म्हणतात. आम्ही 2024च्या पावसाळ्यातले. काका 2006च्या बॅचचे. डेंग्यूवाल्यांना ते फारसं मोजत नाहीत. पपईच्या पानांचा रस प्यायले, प्लेटलेट चढल्या, सुटले, असं त्यांचं मत. (डेंग्यूनंतरही माणूस महिनोन्‌महिने गळून जातो, हे बी विंगमधल्या डेंग्यूवाल्यानं दोनदा सांगून पाहिलं. काकांनी त्याला अर्ज दुरुस्त करून आणायला सांगितल्यासारखा चेहरा केला.)

काकांचं व्याख्यान ठरलेलं. चिकनगुनिया हा शब्द माकोंदे भाषेतला, अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. 1952-53मध्ये टांगानिकात, म्हणजे आताच्या टांझानियात, हा ताप पहिल्यांदा नीट नोंदला गेला. "आणि आपल्याकडे लोकांनी काय केलं? चिकन सोडलं!" 2006 हे साल कोंबडीला तसंही वाईटच गेलं. फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, त्यातून ती सावरतेय तोवर हा आजार तिचं नाव घेऊन आला. काका शुद्ध शाकाहारी, तरी कोंबडीवरच्या या अन्यायाबद्दल पोटतिडकीनं बोलतात. खरा आरोपी डास. तो दिवसाढवळ्या चावतो आणि कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात वाढतो. म्हणून काका दर रविवारी लोकांच्या गॅलऱ्यांतल्या ताटल्या उपड्या करत फिरतात. निम्म्या सोसायटीनं त्यांच्याशी बोलणं टाकलंय.

मी मात्र रोज त्यांच्याजवळ बसू लागलो. त्याचं कारण घरात होतं.

अंगात ताप असतो तोवर माणसाला मान असतो, थर्मामीटर त्याच्या बाजूनं साक्ष देतो. ताप उतरला की साक्षीदार फुटला. मग सकाळी टूथपेस्टचं झाकण फिरत नाही, कुकरचं झाकण तर दूरच, पलंगावरून पाय खाली ठेवले की टाचांत काचा भरल्यासारखं होतं, आणि आंघोळ करून आलं की त्या श्रमांवर उतारा म्हणून तासभर आडवं व्हावं लागतं. पण दिसायला माणूस धडधाकट. घरचे चौथ्या आठवड्यापर्यंत "आराम कर" म्हणाले, पाचव्यात "जरा बाहेर पडलास तर बरं वाटेल" आणि सहाव्यात "किती मनावर घेतोस!" त्यात रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. इतकं वाईट मला नापास झाल्यावरही वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो. शेजारच्या काकूंनी डिंकाचे लाडू दिले, सासूबाईंनी गुळवेलीचा काढा, आणि एका मित्रानं सल्ला दिला, "सरळ सिंहगड चढ, थकवा कुठल्या कुठे पळेल."

मी सिंहगड चढलो नाही, एका बऱ्या वाटलेल्या मंगळवारी फक्त माळा आवरला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार भिंतीकडे तोंड करून काढले.

शनिवारी काकांनी झापलं. त्यांची उभी हयात सहकारी बँकेच्या कर्जवसुलीत गेलेली. "खात्यात शंभर रुपये दिसले म्हणून शंभरही काढायचे नसतात. साठ काढ, चाळीस राहू दे. ओव्हरड्राफ्टचं व्याज तिसऱ्या दिवशी वसूल होतं, आणि वसुलीवाला फार वाईट असतो." वसुलीवाला वाईट असतो, हे त्यांनी अनुभवी अभिमानानं सांगितलं. मग कामाचे तुकडे कसे पाडायचे ते शिकवलं. भाजी बसून निवडायची, मध्ये पाठ टेकायची. आंघोळ आणि दाढी एका दिवशी करायची नाही. फोन आडवं पडून घ्यायचा, आणि दमायच्या आधी थांबायचं, दमल्यावर नाही. डॉक्टरांनी हेच दोन वाक्यांत सांगितलं होतं, पण डॉक्टरांच्या मागे रांग होती. काकांच्या मागे फक्त भिंत.

हळूहळू त्या बाकावर आमचा वर्गच भरू लागला. काका हजेरी घेत. कुणाचा आठवा आठवडा, कुणाचा अकरावा. आपण चौदा महिने काढल्याचं ते रोज एकदा सांगत आणि आम्ही रोज एकदा "बाप रे" म्हणत असू.

एका संध्याकाळी ए विंगमधल्या आजी नातवाची वाट पाहत त्याच बाकाच्या टोकाला टेकल्या. काका 2006वर आले होते. "त्या साली हा आजार एवढ्या वर्षांनी परत..."

"बार्शीला आलता की आधी," आजी म्हणाल्या.

काका थांबले. बार्शी, 1973. ही साथ त्यांना पाठ होती. कलकत्त्याची 1963ची, मग बार्शीची. पण त्या साथीतलं माणूस शेजारी बसेल, असं त्यांच्या कुठल्या टिपणात नव्हतं.

"तुम्हाला झाला होता?"

"घरात समद्यांना. माझी दोन लेकरं बारकी. नाव कुणाला ठावं व्हतं त्याचं! ताप म्हणायचो. आठव्या दिशी चुलीपुढं बसले भाकरी थापायला. हात उघडंना, मग मनगटानं थापल्या."

कुणीच "बाप रे" म्हणालं नाही.

"आणि नंतर?" काकांनी विचारलं. "थकवा? विकनेस?"

"व्हता की. पर इचारलं कुणी?"

काका बाकाच्या कडेला सरकले, पाठ टेकायची जागा त्यांनी आजींना मोकळी करून दिली. मग, एकावन्न वर्षं उशिरा का होईना, खातं उघडावं तसं अदबीनं विचारलं, "किती महिने चाललं, आजी?"

"मोजाया येळ कुठं व्हता," आजी म्हणाल्या. "नातू आला बघा. हात द्या जरा."

आम्ही चौघांनी हात पुढे केले. आमच्यापैकी एकालाही त्यांना उठवता येईना.